तांबटाच्या येसूने निवडलेला पंखा

महाराजांचा कॉम्प्युटर तापला, आणि त्याहून जास्त महाराज तापले.

"किल्ला पडतच आला होता! तटाला शिड्या लागल्या होत्या! आणि ऐन वेळी पडदा काळा?" टेंभुर्डे संस्थानचे रणधीरराव महाराज गरजले.

खऱ्या लढाया त्यांच्या पणजोबांनीच आटोपून ठेवल्या होत्या, त्यामुळे महाराज कॉम्प्युटरवर लढत. सैन्य इतकं अफाट, की यंत्र साध्या वाऱ्याने गार होईना. म्हणून त्यात पाणी खेळवलं होतं. पाणी आतली उष्णता घेऊन नळीतून तांब्याच्या रेडिएटरमध्ये यायचं, रेडिएटरच्या दाट पत्र्यांमधून पंखा वारा घालायचा आणि पाणी गार होऊन परत आत जायचं. निदान ठरलं तरी तसं होतं.

पंखा निवडला होता दिवाण विसाजीपंतांनी, आणि तोही अस्सल दरबारी पद्धतीने. संस्थानात कुठलीही वस्तू आधी महाराजांवर लावून बघत. तेव्हा कोठीतले सगळे पंखे एकेक करून महाराजांसमोर फिरवले गेले. ज्याने पागोट्याचा शेमला सर्वांत उंच उडवला, तो पसंत! त्याच्या आवाजाने तबेल्यातले घोडे बिथरले, पण शेमला काय उडाला होता, वा!

"पंखा उत्तमच आहे, महाराज," दिवाणजी म्हणाले. "दोष रेडिएटरचा. राघोजी तांबटाने केलाय तो."

झालं! राघोजीला उभ्या उभ्या दरबारात आणलं. त्याच्या भट्टीवर रोज भाता ओढणारी त्याची मुलगी येसू, तीही मागोमाग आली.

"राघोजी," महाराज म्हणाले, "उद्या दुपारी आम्ही वामकुक्षी घेणार. सैन्य इकडे लढत राहील. यंत्र तापता कामा नये, आणि पंख्याचा आवाज आमच्या कानावर पडता कामा नये. नाहीतर तुझी भट्टी कायमची विझवू!"

"महाराज, जोराचा वारा हवा म्हणलं की आवाज येणारच..."

"आम्ही हुकूम दिलाय, सल्ला मागितलेला नाही!"

दरबाराने कौतुकाने माना डोलावल्या. अशक्य हुकूम ऐकला की त्या मंडळींना नेहमीच भरून येई, कारण तो पार पाडायचा असे दुसऱ्या कुणीतरी.

"महाराज," येसू पुढे आली, "पंखा मी निवडला तर चालंल?"

दिवाणजी खो खो हसले. "तू? भाता ओढणारी?"

"म्हणूनच तर, दिवाणजी! आमच्या भट्टीत निखारे दाटून भरलेले असत्यात. त्यातनं वारा आत घुसवावा लागतो. नुस्ता मोकळा वारा घातला, तर तो वरच आपटतो आन् राख आपल्याच तोंडावर!"

महाराजांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी येसू रेडिएटर घेऊन कोठीत शिरली. तिने एकही पंखा तोंडासमोर धरला नाही. रेडिएटरच्या अल्याड पंखा लावायचा, पल्याड दोऱ्याने कापसाचा पुंजका टांगायचा आणि बघत बसायचं. दिवाणजींच्या लाडक्या पंख्याने कोठी दणाणून सोडली, पण कापूस जागचा हलला नाही. शेवटी तिने तीन पंखे बाजूला काढले. त्यांची पाती रुंद, आणि कडेच्या चौकटीला इतकी लगटून, की वाऱ्याला निसटून मागे यायला जागाच नव्हती. ते सावकाश फिरवले तरी कापूस झोके घेऊ लागला. एकट्याने धावण्यापेक्षा तिघांनी चालावं, असं ठरवून तिने तिन्ही बसवले. पंखा आणि रेडिएटर यांच्यामधली फट रबराच्या पट्टीने बुजवली. पंख्यापुढे अगदी खेटून लावलेली राजमुद्रेची पितळी जाळी मात्र तिने सरळ उपटली.

"राजमुद्रा काढली!" दिवाणजी किंचाळले.

"ती शिट्ट्या मारत हुती, दिवाणजी."

दुपारी महाराज झोपले आणि सैन्य लढलं. महाराज उठले तेव्हा किल्ल्यावर त्यांचं निशाण फडकत होतं. महाल इतका शांत होता, की दिवाणजींच्या पोटातली गुरगुर स्पष्ट ऐकू येत होती. महाराज खुशीत पंख्यांपुढे जाऊन उभे राहिले. एकदम त्यांचा चेहरा बदलला.

"शेमला हलत नाही! हे पंखे बंद आहेत! फसवणूक!"

"मी म्हणत होतोच!" दिवाणजींना चेव आला. "शिपायांनो, घागरी भरा! भट्टी विझवा!"

राघोजीने डोळे मिटून हात जोडले. पिढ्यान्‌पिढ्या पेटती राहिलेली भट्टी होती ती! येसू मात्र जागची हलली नाही.

"महाराज, शेमला तापला हुता का?"

"काय म्हणालीस?"

"तापत हुतं ते यंत्र. मग वारा शेमल्याला कशापायी? हात जरा पल्याड धरा."

महाराजांनी रेडिएटरच्या मागे हात धरला. ऊन ऊन वारा संथपणे हातावर येत होता. ते चकित झाले.

"आता दिवाणजींचा पंखा लावून बघा," येसू म्हणाली.

तो लावला. महाल हादरला, शेमला गगनाला भिडला. महाराजांनी मागे हात धरला, तर तिकडे काहीच नाही!

"बघितलंत? समोर अडचण दिसली की ह्यो माघारी फिरतो," येसू म्हणाली, "आन् महाराजांच्या तोंडापुढं नाचतो. आवाज मोठा, महाराज खूश, काम मातुर हाय तिथंच!"

महाराजांनी पंख्याकडे पाहिलं. मग दिवाणजींकडे पाहिलं. मग दरबाराच्या दोन्ही रांगांवरून सावकाश नजर फिरवली.

"अगं पोरी, असले पंखे तर आम्ही चाळीस पोसलेत!" असं म्हणून महाराज जे हसत सुटले, ते बैठकीवर लोळेपर्यंत. दरबारही हसला, कारण न हसून सांगतात कुणाला!

"माग," महाराज डोळे पुसत म्हणाले. "दरबारात जागा देऊ?"

"नगं, महाराज. दरबारात वारा लई हाय. आमच्या भट्टीला कमी पडतोय. नवा भाता द्या."

महाराज पुन्हा हसले. राजवाड्याचं सगळं तांबेकाम राघोजीला, आणि भट्टीला म्हशीच्या कातड्याचा चांगला पुरुषभर उंचीचा भाता, असा हुकूम झाला.

"आणि विसाजीपंत, तो भाता तुम्ही स्वतः खांद्यावरून तांबट आळीत पोचवायचा," महाराज म्हणाले. "अजिबात आवाज न करता!"