ढोल गप्प राहिला तो डाव

ही फार जुनी गोष्ट आहे. माणसांना घरं बांधता येत होती, पण पूल बांधता येत नव्हते, तेव्हाची. त्या काळी पाखरं बोलायची आणि माणसं कधीकधी ऐकायचीही. लहानांनी ही गोष्ट ऐकावी आणि मोठ्यांनीही, कारण तिच्यातली चूक दोघंही करतात.

एका खोल दरीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दरीच्या तळाशी एक कुरण होतं, हिरवंगार आणि उन्हाळ्यातही ओलं. दोन्ही गावांच्या शेळ्यांना त्याचा वास यायचा. पूर्वी त्यावरून दगडफेक होत असे. मग कोणीतरी शहाण्याने ठरवलं, दगड मारण्यापेक्षा सोंगट्या मारा. वर्षातून एकदा दोन्ही गावांनी बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा. जिंकेल त्याच्या शेळ्या वर्षभर कुरणात.

डाव खेळायचा, पण एकमेकांना न पाहता. दोन्ही काठांवर एकेक दगडी पट होता. एका साळुंकीने चाल ऐकायची, दरी ओलांडायची आणि पलीकडे जाऊन सांगायची. तिला शपथ होती. फक्त चाल सांगायची. पलीकडे कोण बसलंय, ते हसलं की घाबरलं, यातलं काहीही सांगायचं नाही.

अलीकडच्या गावाकडून गोजरी खेळायची. वीज होती ती नुसती! साळुंकी फांदीवर बसून पंख मिटते न मिटते, तोच गोजरीची चाल तयार.

"अगं, पाणी तरी पिऊ दे," साळुंकी म्हणायची.

"पलीकडे पी!" गोजरी म्हणायची.

आणि या गावाची एक रीत होती. आपल्या खेळाडूने पलीकडच्या राजाला शह दिला, की कड्याच्या टोकावर ढोल वाजायचा. भुजंगकाका ढोल बडवायचे, गाव नाचायचं आणि आवाज दरीभर घुमायचा. शह म्हणजे काय हे ज्यांना कळत नव्हतं, त्यांनाही ढोल कळायचा. गोजरीला तर तो रक्तात ऐकू यायचा. ढोल वाजावा म्हणून ती शह द्यायची. देता येईल तिथे द्यायची. तिचा वजीर एकटाच शत्रूच्या मुलखात घुसायचा, राजाला या घरातून त्या घरात पळवायचा, आणि गाव ओरडायचं, "गोजरी! गोजरी!"

मग हळूहळू ढोल थांबायचा. वजीर कुठेतरी कोंडला जायचा. आणि साळुंकी येऊन खाली मान घालून सांगायची, "मात."

एक वर्ष असं झालं. दुसऱ्या वर्षीही झालं. शेळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या.

तिसरं वर्ष जवळ आलं तेव्हा पाटील पटापाशी आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "गोजरे, तू छान खेळतेस. बघायला मजा येते. पण शेळ्या मजा खात नाहीत."

"पाटील, तो माणूस चेटूक करतो. माझी चाल त्याला आधीच कळते."

"करत असेल. या खेपेला हरलीस तर पटावर दुसरं कोणी बसेल. तू पुन्हा सोंगटीला हात लावायचा नाहीस. पंचांचं ठरलंय."

पाटील गेले. गोजरी बसल्या जागी गार पडली. सोंगट्यांशिवाय आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं. तुम्हाला जे सगळ्यात जास्त आवडतं ते कोणी उद्यापासून बंद केलं, तर तुम्हाला तरी सांगता येईल का?

तिने साळुंकीला गाठलं. पुढ्यात मूठभर राळे टाकले.

"मला फक्त एवढंच सांग. पलीकडे कोण आहे? दाढीवाला आहे? मांत्रिक आहे? डोळे कसे आहेत त्याचे?"

"शपथ आहे," साळुंकी राळे टिपत म्हणाली.

"निदान तो विचार कसा करतो ते तरी सांग."

"शपथ आहे."

"मग खातेस कशाला माझे राळे!"

साळुंकीने मान तिरकी केली. "पलीकडचं न सांगायची शपथ आहे. अलीकडचं सांगायला मला कोणी अडवलेलं नाही. विचार की."

"अलीकडचं काय विचारायचं? अलीकडे मीच आहे."

"तेच म्हणते मी. स्वतःला पाहिलंयस कधी खेळताना?"

गोजरीला राग आला. राग आला की ती उठून चालू लागायची, तशी ती निघालीही. पण चार पावलांवर थांबली. प्रश्न विचित्र होता, आणि विचित्र प्रश्न तिला सोडून देता येत नसत.

"स्वतःला कसं बघायचं?" तिने परत येऊन विचारलं.

"गेल्या वर्षीचा अख्खा डाव माझ्या तोंडात आहे. तुझ्या चाली आणि त्याच्याही. पाखरू विसरत नाही. मी सांगते, तू मांड. फक्त तिकडून मांड." साळुंकीने चोचीने पटाची पलीकडची बाजू दाखवली.

त्या बाजूला कधी कोणी बसलं नव्हतं. ती शत्रूची बाजू. तिथे बसणं अशुभ, असं गावात लहानपणापासून शिकवायचे. त्या दगडावर पाला साचला होता आणि शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या. गोजरीने इकडेतिकडे पाहिलं. भर दुपार होती, सगळे जेवून लवंडले होते. तिने पदराने दगड झाडला आणि ती बसली.

पट तोच होता, सोंगट्या त्याच होत्या, तरी सगळं उलटं दिसत होतं. आपल्या ओळखीच्या वाड्यात मागच्या दाराने शिरावं, तसं.

साळुंकी चाली सांगू लागली. गोजरी दोन्ही बाजू हलवू लागली. इकडच्याने, म्हणजे पलीकडच्या गावाच्या खेळाडूने, एक प्यादं पुढे केलं. समोरून वजीर धावत आला. शह! इकडच्याने राजा एक घर बाजूला घेतला. पुन्हा वजीर, पुन्हा शह. राजा अजून एक घर सरकला, आणि तिथे त्याच्यासमोर आपोआप प्याद्यांची भिंत तयार होती.

गोजरी थबकली. "अगं, हा राजा पळत नव्हता. मीच त्याला घरी पोचवला!"

 साळुंकीने पुढची चाल सांगितली.

समोरचा वजीर एकटाच वणवण करत होता. त्याच्या मागे त्याचे घोडे सुरुवातीच्या जागीच उभे होते. डाव संपत आला तरी एक हत्ती कोपऱ्यातून हललाच नव्हता. इकडच्याने शांतपणे एक उंट सरकवला. समोरच्याने तिकडे पाहिलंही नाही. त्याला पुन्हा शह द्यायचा होता.

"काय मूर्ख माणूस आहे!" गोजरी ओरडली. "समोर उंट येऊन बसलाय, वजिराची वाट बंद होतेय, याला दिसत कसं नाही? ही चाल का आली, एवढं तरी स्वतःला विचार ना बाबा!"

आणि मग तिला आठवलं की समोर कोण खेळतंय.

 साळुंकीने सगळे राळे संपवले.

पण गंमत बघा. तिला लाज वाटली ती थोडाच वेळ. नंतर वाटू लागलं ते कुतूहल. हा उंट त्याने आत्ताच का हलवला? मधे एक चाल तर काहीच न करणारी दिसते, मग ती कशासाठी? तिने डाव पुन्हा मांडला. पुन्हा त्याच दगडावर बसली. त्याच्या आधीच्या वर्षीचाही मांडला. आता ती रोज दुपारी शत्रूच्या जागेवर बसायची. जाणारे-येणारे नाक मुरडायचे. भुजंगकाका म्हणाले, "पोरगी फितूर झाली की काय?" तिला ऐकूच आलं नाही. ती एका प्याद्याकडे पाहत पुटपुटत होती, "तुझ्या मनात काय आहे रे?"

डावाचा दिवस उजाडला. सगळं गाव कड्यावर जमलं. भुजंगकाकांनी ढोल शेकून ताणून ठेवला होता. साळुंकी पहिली चाल घेऊन गेली आणि पलीकडून उत्तर घेऊन आली. गोजरी लगेच बोलली नाही. साळुंकी सावकाश पाणी प्यायली. हे असं कधी घडलं नव्हतं.

चाली चालल्या होत्या. गोजरीने एक घोडा बाहेर काढला, मग दुसरा. हत्ती कोपऱ्यातून निघाला. गाव जांभया देऊ लागलं.

"हिला बरं नाहीये का?" कोणीतरी विचारलं.

"शह दे की गं!" दुसरं ओरडलं. "घसा कोरडा पडला आमचा गप्प बसून!"

मग एक वेळ अशी आली, की पट ज्यांना कळत होता त्यांचे श्वास अडकले. पलीकडच्याचा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे, शेवटच्या ओळीत बसला होता. त्याचा हत्ती प्यादी खायला गोजरीच्या मुलखात उतरला होता. गोजरीचा वजीर सरळ शेवटच्या ओळीत जाऊन शह देऊ शकत होता. भुजंगकाकांनी काठी उचलली. पाटील पुढे झुकले.

"दे! दे! दे!" सगळं गाव एका आवाजात ओरडलं.

गोजरीचा हात वजिराकडे गेलाच होता. ढोलाआधीच तिच्या कानात ढोल वाजू लागला होता. तिने डोळे मिटले, आणि मनातल्या मनात त्या पलीकडच्या दगडावर जाऊन बसली. तिथून तिला दिसलं. शह आला, तर मी काय करीन? माझा हत्ती ज्या सरळ वाटेने खाली उतरलाय, त्याच वाटेने त्याला धावत घरी आणीन आणि राजा आणि वजिराच्या मधे उभा करीन. मग माझं घर पुन्हा बंद, आणि हिचा वजीर पुन्हा एकटा.

तिने डोळे उघडले. वजिराला सोडून घोडा उचलला आणि त्या हत्तीच्या परतीच्या वाटेवर, मधोमध ठेवला. मागून एका प्याद्याचा पहारा होताच, त्यामुळे हत्तीने घोडा मारला असता तर हत्तीच गेला असता.

"घोडा?" भुजंगकाकांचा हात हवेतच राहिला. "घोडा कशाला?"

"गेलं कुरण!" मागून कोणी म्हणालं. पाटलांनी कपाळाला हात लावला.

साळुंकी गेली. ढोल गप्प होता.   राजासमोरचं एक प्यादं पलीकडच्याने नुसतं एक घर पुढे केलं असतं, तरी राजाला पळायला खिडकी मिळाली असती, आणि मग डाव कुठेही गेला असता.

साळुंकी परत आली. "उंटाने कोपऱ्यातलं प्यादं खाल्लं."

गोजरीने दीर्घ श्वास सोडला. मग वजीर उचलून शेवटच्या ओळीत ठेवला. तेच घर होतं, जिथे मघाशी ठेवायचा मोह झाला होता. पण आता हत्तीची वाट घोड्याने अडवली होती आणि राजाची वाट त्याच्याच प्याद्यांनी.

"शह," ती म्हणाली. मग हळूच, "आणि मात."

भुजंगकाकांना क्षणभर समजेना, वाजवायचं की नाही. मग त्यांनी असा बडवला, की चामडं फाटायचंच बाकी राहिलं. त्या दिवशी ढोल एकदाच वाजला.

साळुंकी पलीकडे गेली आणि पुष्कळ वेळाने आली. या वेळी तिच्याकडे चाल नव्हती, निरोप होता. डाव संपला होता, आणि पलीकडच्याने स्वतःच पाठवलेला निरोप पोचवायला शपथेची आडकाठी नव्हती.

"पलीकडून विचारतायत," ती म्हणाली, "आज तुमचा ढोल फुटलाय का? आणि दरवर्षी जिच्या नावाने ओरडता ती गोजरी आजारी आहे का? आज खेळलं ते कोण?"

गाव हसून हसून लोळलं. गोजरी हसली नाही. तिला राहवेना. ती शेळ्यांच्या वाटेने थेट दरीत उतरली, आणि खाली कुरणात जाऊन तोंडाला हात लावून तिने पलीकडे हाक मारली. थोड्या वेळाने पलीकडच्या वाटेने काठी टेकत एक म्हातारबाबा उतरले. दाढी नव्हती. मंत्र नव्हते. कनवटीला फुटाणे होते.

"तूच होय ती?" त्यांनी विचारलं.

"बाबा, आधी एक सांगा. माझी चाल तुम्हाला आधी कशी कळायची?"

"चाल नाही गं कळायची. ढोल कळायचा." म्हातारबाबा खळखळून हसले. "मी आळशी माणूस, पोरी. ढोल वाजला की राजाकडे बघायचं. एरवी निवांत तुझी प्यादी खायची. आज काही वाजलंच नाही, म्हणून मी खात बसलो! तू कोणत्या गुरूकडे गेली होतीस?"

"तुमच्या जागेवर बसले होते," गोजरी म्हणाली.

म्हातारबाबांचं हसू थांबलं. त्यांनी वर, आपल्या गावाकडच्या पटाकडे पाहिलं. "आमच्याकडेही ती जागा रिकामीच असते," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तिथून मी कसा दिसतो कोण जाणे."

"बसून बघा. आणि काय दिसलं ते मला कळवा! साळुंकीजवळ सांगा. उद्याच सांगा."

"उद्याच?" म्हातारबाबांनी तिच्या हातावर फुटाणे ठेवले. "घाई काही गेली नाही तुझी."

पट गोजरीकडेच राहिला. शेळ्या कुरणात उतरल्या. पलीकडच्याही काही चुकार शेळ्या त्यांच्यात मिसळल्या, आणि गोजरीने त्यांना हाकललं नाही. तेव्हापासून दोन्ही गावांत नवी रीत पडली. डाव संपला की हरलेल्याने आणि जिंकलेल्यानेही पटाची बाजू बदलायची आणि तोच डाव तिकडून पुन्हा मांडायचा. ढोल आता फक्त शेवटीच वाजतो. भुजंगकाका कुरकुर करतात, पण त्यांच्या हातांना आराम आहे.

बोध एवढाच: वाहवा मिळवण्यासाठी चाल करू नका, समोरच्याच्या जागेवर बसून आपला खेळ बघा, म्हणजे त्याची चालही कळेल आणि आपली चूकही.