जाणती धार

त्या राज्यात दोन तळी होती, एक खाली आणि एक वर. आणि खालच्या तळ्यात जन्मलेल्या प्रत्येक मासोळीला वरच्या तळ्यात जायचे असे. वर जायच्या वाटाही दोनच. एक कातळधार. ती सगळ्यांवर सारख्याच जोराने कोसळे; बोटाएवढ्या पिलासाठी हलकी होत नसे आणि हातभर लांब मासोळीसाठी जड होत नसे. दुसरी जाणती धार. अंगावर आलेल्या मासोळीच्या शेपटीत किती जोर आहे ते ती ओळखी आणि तेवढीच आडवी येई. थकलेलीला वाट देई, ताज्या दमाच्या मासोळीवर तुटून पडे. दहाजणी एकदम चढत असल्या तरी प्रत्येकीभोवती तिच्यापुरते वेगळे पाणी असे.

सावंती कातळधारेने वर आली होती. त्याला चार वर्षे लागली. किती वेळा ती खडकावर आपटली, तिचा डावा पर फाटला, बरोबरीच्या मैत्रिणी नाद सोडून खालीच संसाराला लागल्या. ती पोचली त्या दिवशी वरच्या तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाने तिला उन्हातल्या उथळ पाण्यात मानाची जागा दिली. तिथे ती एकटीच असे, आणि ते तिला आवडे.

मग तिची धाकटी बहीण भिंगरी जाणत्या धारेने वर आली. एका सकाळीत. कासवाने तिलाही तीच जागा दाखवली.

"आजोबा, ही कुठल्या वाटेनं आली ते तरी विचारा," सावंती म्हणाली.

"खालून आली," कासव म्हणाले. "तूही खालूनच आलीस ना, बाई?"

त्या दिवसापासून सावंतीला घास गोड लागेना. त्यात भिंगरीची खोड अशी, की रोज ती घसरत खाली जाई आणि पुन्हा चढून येई. "ताई, आज फार कठीण होतं गं! दोनदा मागं फेकलं मला."

कठीण! कठीण कशाला म्हणतात ते हिला ठाऊक तरी आहे का, असे सावंतीच्या मनात येई. नव्याने आलेल्या मासोळ्या भिंगरीभोवतीच जमत, कारण तिच्याकडे रोज नवी हकीकत असे. सावंतीची एकच होती, आणि ती सगळ्यांची ऐकून झाली होती.

शेवटी तिला राहवेना. "उद्या सगळ्यांनी जाणत्या धारेच्या वरच्या तोंडाशी या," तिने जाहीर केले. "ही चढण किती खरी आहे, ते मी दाखवते."

भिंगरीला त्यातली खोच कळलीच नाही. "मीपण येते, ताई! किती दिवस तुझ्याबरोबर चढायचं होतं मला."

दुसऱ्या दिवशी दोघी खाली उतरल्या. सावंतीने आपली दणकट शेपटी मुद्दाम सैल सोडली, पर अंगाशी दुमडले आणि आजाऱ्यासारखी एका कुशीवर कलंडून ती पाण्यात शिरली. धारेने तिला चाचपले. मग धार मागे सरली आणि तिला अलगद उचलून एका खडकावरून दुसऱ्या खडकावर ठेवत गेली. सावंती वर पोचली तेव्हा तिच्या छातीत साधी धडधडही नव्हती.

"पाहिलंत?" ती ओरडली. "हीच ती तुमची चढण!"

सगळे तिच्या पलीकडे पाहत होते. सावंती वळली.

ती जिथून आली होती तिथे दोऱ्याएवढे पाणी झिरपत होते. आणि त्याला अगदी खेटून भिंगरी चढत होती. तिच्यावर पांढऱ्याशुभ्र पाण्याची भिंत कोसळत होती, त्यात धोंडे गडगडत होते. इतका जोर कातळधारेला कधीच नव्हता, हे सावंतीइतके कुणाला कळणार! भिंगरी मागे फेकली गेली. पुन्हा आली. पुन्हा फेकली गेली. तिसऱ्या उडीला ती काठावर आदळली आणि सावंतीच्या शेजारी आडवी झाली. तिचे खवले उचकटले होते, तोंड उघडे पडले होते, आणि ती हसत होती.

"पोचले, ताई!"

सावंतीचे कल्ले झोपेतून उठल्यासारखे संथ हलत होते. बहिणीच्या फडफडणाऱ्या कल्ल्यांवरून तिला नजर काढता येईना.