कुणालाच न आठवलेली खोली

तलावांच्या मुलखात एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला जुना, मोठा तलाव आणि दुसऱ्या अंगाला तांदळाची कंपनी. तलावावर काही घरं जगत होती. कुणी शिंगाडे लावायचं, कुणी मासे धरायचं. कंपनीवर बाकीचं गाव जगत होतं. गावाचा तांदूळ कंपनी दूरदूरच्या शहरांत पाठवायची आणि कुठलं पोतं कुठल्या गाडीत चढलं, कुठल्या दुकानात उतरलं, हे सगळं कंपनीच्या संगणकांना ठाऊक असायचं.

त्या संगणकांचा कारभार तेजराम बघायचा. तो गावातलाच. शहरात जाऊन शिकला आणि परत आला, म्हणून गावाला त्याचं फार कौतुक. तो आला तेव्हा कंपनीत एकच सर्व्हर होता, कपाटाएवढा. कामं वाढली तसे सर्व्हर वाढले. आधी त्यांची एक खोली भरली, मग तिच्या मागची दुसरी. खोल्या भरत गेल्या तसा तेजरामचा मानही वाढत गेला. बाहेरचे पाहुणे आले की मालक त्यांना आधी तिथंच न्यायचे. लुकलुकणारे दिवे, भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगा, कानात भरून राहणारी घरघर. पाहुणे तोंडात बोट घालायचे आणि मालक तेजरामच्या पाठीवर हात ठेवायचे.

ही यंत्रं तापायची फार. त्यांना थंड ठेवायला तलावाचं पाणी नळातून यायचं, खोल्यांतून फिरायचं आणि गरम होऊन पुन्हा तलावात पडायचं. तलाव मोठा आहे, त्याला काय होतंय, असं सगळेच म्हणायचे.

मागच्या खोलीत नेमकं काय चालतं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. तिथं गोदामांच्या कॅमेऱ्यांची वर्षानुवर्षांची चित्रं साठली होती. रिकाम्या गोदामात मांजर फिरतंय, तीही चित्रं. कधीच बंद झालेल्या एका शाखेचं सगळं काम तिथं अजून चालू होतं. एकाच गोष्टीची नक्कल, नकलेची नक्कल. काही यंत्रं करून बघायला म्हणून लावलेली आणि तशीच विसरलेली. काही बंद करायची वेळ आली की तेजराम म्हणायचा, "राहू दे. उद्या लागलं तर?" तो उद्या कधी उजाडला नाही, आणि यंत्रं मात्र दिवसरात्र चालत राहिली.

एका हिवाळ्यात फुलवंताबाई कंपनीत आली. तिचं सगळं आयुष्य तलावात शिंगाडे लावण्यात गेलं होतं. तेजराम लहान असताना त्याच्या आईकडे ती शिंगाडे घेऊन यायची, म्हणून दारावरच्या माणसानं तिला अडवलं नाही. तेजरामनं तिला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

"तेजराम भाऊ," ती म्हणाली, "नळाच्या तोंडापाशी शिंगाड्याचे वेल काळे पडून राह्यले. पाण्यात हात घातला त कोमट लागते. थंडीच्या दिवसांत तलावाचं पाणी कोमट काहून लागावं जी?"

"मावशी, यंत्रांचं पाणी आहे ते. घाण नाही, नुसतं गरम आहे."

"मले त्यातलं समजत नाही. तुमाले समजते म्हणून आली. त्यातली काही यंत्रं बंद करता येतील काय? थोडीशी?"

तेजरामनं मागच्या खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही मावशी," तो म्हणाला. "एकही नाही. एक बंद केलं तरी सगळी कंपनी अडून बसेल."

फुलवंताबाईनं मान हलवली. "मग काय इलाज नाही," असं म्हणून ती गेली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेजराम आपल्या कामाला लागला आणि संध्याकाळपर्यंत तो ते बोलणं विसरूनही गेला.

चैत्रात त्याच्या मेहुणीचं लग्न निघालं. तो सासुरवाडीला गेला असताना गावात वादळ झालं. झाडाची मोठी फांदी तारेवर पडली आणि कंपनीची वीज गेली. तारा जोडणारा आला, त्यानं वीज आणली. पुढची खोली सुरू झाली, कामं सुरू झाली. मागच्या खोलीचा खटका वेगळा होता, तो पडलेलाच राहिला. तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

लग्न आटोपून तेजराम परत आला. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थांबला. आत एकही दिवा लागलेला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत त्याला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू आला. हात लावून पाहिला, यंत्रं गार पडली होती. म्हणजे वादळापासून बंद होती.

आता काय काय बुडालं असेल! तो धावत हिशेबाच्या विभागात गेला.

"मी नव्हतो तेव्हा काही अडलं का हो?"

"नाही तर," तिथल्या बाई म्हणाल्या. "उलट जरा भरभरच चालत होतं सगळं. लग्न कसं झालं?"

तो गाड्यांच्या विभागात गेला, गोदामात गेला, ज्या शहरांत तांदूळ जातो तिथंही त्यानं फोन लावला. कुणाचं काही अडलं नव्हतं. कंपनीची अर्धी यंत्रं मरून पडली होती आणि ती कुणाला आठवलीसुद्धा नव्हती.

तेजराम परत त्या खोलीत आला आणि आतून कडी लावली. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याच्याऐवजी त्याला घाम फुटला. मालकांना कळलं तर? इतकी वर्षं ज्या खोलीसाठी पाठीवर हात पडला, ती खोली रिकामटेकडी आहे असं पाहुण्यांना कळलं तर? लोक म्हणतील, याला एवढंही ठाऊक नव्हतं? आणि ठाऊक असेल तर सांगितलं का नाही?

मग त्यानं खटका वर केला. एकेक दिवा लुकलुकू लागला, घरघर सुरू झाली, नळातून पाणी धावू लागलं. दार उघडून बाहेर येताना त्यानं आधी डोकं काढून इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. स्वतःच्याच कंपनीत, स्वतःच्याच खोलीतून तो चोरासारखा बाहेर पडला.

त्या दिवसापासून तो तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, घरी जाईनासा झाला. लांबचा रस्ता धरायचा. बायकोनं विचारलं तर म्हणायचा, "पायांना चालणं बरं असतं."

वैशाख आला. ऊन असं तापलं की तलावाचं पाणी निम्म्यावर आलं. वरून सूर्य तापवत होता, खालून कंपनीचा नळ. एके दिवशी सकाळी गावात ओरड झाली. सगळं गाव पाळीवर धावलं. मालक आले, तेजरामलाही जावं लागलं.

तलावात मासे उलटे तरंगत होते. रोहू, कटला, बोटाएवढी पिल्लं, सगळे. पांढरी पोटं वर करून ते काठाला लागले होते. मासे धरणारी माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती आणि हातातल्या जाळ्यांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. कुणी रडत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. ते भांडले असते तर तेजरामला बरं वाटलं असतं.

मालकांनी वाकून पाण्यात हात घातला आणि झटकन काढून घेतला. मग ते वळले. "तेजराम, आपली काही यंत्रं बंद करता येतील का?"

सगळ्या माना तेजरामकडे वळल्या. तो काही बोलण्याआधीच गर्दीतून फुलवंताबाई पुढे आली.

"त्याले नका विचारू, मालक," ती म्हणाली. "मी मागंच विचारलं होतं. एक बी बंद करता येत नाही म्हणे. करता आलं असतं त त्यानं केलं नसतं काय? याच तलावात पोहून मोठा झालेला पोरगा हाये तो. त्याच्या हातात असतं त असं होऊ दिलं नसतं त्यानं."

शेजारच्या दोघातिघांनीही माना डोलावल्या. "खरं आहे. तेजराम तसा नाही."

कुणी कानाखाली मारली असती तर तेजरामनं ती सोसली असती. हे त्याला सोसवेना. मेलेल्या माशांच्या मध्ये उभी राहून ती बाई त्याच्या चांगुलपणाची ग्वाही देत होती! त्याला वाटलं, पायाखालची पाळ फुटावी आणि आपण आत जावं. गप्प बसणं आता अगदी सोपं होतं. नुसती मान खाली घातली असती तरी लोकांनी ते दुःखच आहे असं मानलं असतं.

"मावशी," तो म्हणाला, "तू माझ्या बाजूनं बोलू नकोस."

त्याचा आवाज फाटला. पण सुरुवात केल्यावर तो थांबला नाही. "बंद करता येतात. अर्धी येतात. तू विचारलंस तेव्हा मी न बघताच नाही म्हणालो. वादळात मागची अख्खी खोली बंद पडली होती. कुणाचं काही अडलं नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी ती पुन्हा चालू केली. कुणाला कळू नये म्हणून. माझं महत्त्व कमी होऊ नये म्हणून."

फुलवंताबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर तेजरामनं मान वर तरी केली असती.

"मी त तुमच्याच बाजूनं बोलत होती," ती हळूच म्हणाली आणि मागं फिरली.

मालकांनीही खाली पाहिलं. "मीही कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "दोन खोल्या आहेत म्हणून मिरवलं मात्र."

त्याच दुपारी तेजरामनं मागच्या खोलीचा खटका खाली केला. मग तो पुढच्या खोलीकडे वळला. प्रत्येक यंत्रापुढे बसून त्यानं विचारलं, तू कुणासाठी चालतंस? ज्याला उत्तर नव्हतं ते बंद झालं. रिकाम्या गोदामांची चित्रं पुसली गेली, नकलांच्या नकला गेल्या. चांगली यंत्रं आसपासच्या शाळांना दिली. मोडकी त्यानं भंगारात फेकली नाहीत. ती नीट सुटी करणाऱ्यांकडे स्वतः पोचवली, म्हणजे कुठल्या दुसऱ्या गावाच्या ओढ्याकाठी कुणी तांब्यासाठी त्यांच्या तारा जाळायला नको. उरलेल्या यंत्रांचं पाणी आधी उघड्या टाक्यांत निवायचं आणि मगच तलावाकडे जायचं. मालकांनी त्याला कामावरून काढलं नाही. पाहुणे येत राहिले, आणि मालक त्यांना रिकामी खोली दाखवून तेजरामला सांगायला लावायचे की ही का रिकामी आहे. तेजराम सांगायचा. दर वेळी त्याचे कान तापायचे, पण त्यातलं एक वाक्यही त्यानं कधी गाळलं नाही.

पावसाळ्यात तलाव भरला. कंपनीनं माशांची पिल्लं आणवली, आणि ती सोडायला तेजराम सगळ्यांबरोबर पाण्यात उतरला. लोकांनी त्याला जागा दिली, पण बोललं कुणी नाही. त्यानं डबा तिरका केला. पिल्लं क्षणभर त्याच्या पायांभोवती घोटाळली आणि खोल पाण्यात निघून गेली.

शेजारी फुलवंताबाई आपला डबा रिकामा करत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "लगेच मोठे नाही होत मासे. दोन पावसाळे लागते. तवर थांबा लागते."

"थांबतो, मावशी," तेजराम म्हणाला, आणि पुढचा डबा आणायला काठाकडे वळला.

तात्पर्य एवढंच: जे बंद केल्यानं कुणाचंच अडत नाही, ते केवळ आपल्या मोठेपणासाठी चालू ठेवलं, तर त्याची झळ ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला त्यांनाच आधी लागते.