भागाला पहाटे कोण उठवी

भक्तहो, सीनेच्या काठी कोळेगाव नावाचं गाव आहे. एका थंडीत अभयनाथ महाराज तिथल्या मारुतीच्या देवळात उतरले होते. त्याच गावात भागा नावाची कुंभाराची सून राहायची. रोज एकाच वेळी, कोंबड्याच्याही आधी, बिचारीची झोप मोडायची आणि मग काही केल्या डोळ्याला डोळा लागत नसे. आपल्याला उठवतं तरी कोण, हे कोडं तिला सुटेना.

सासूने गावच्या नरहरी जोशांना विचारलं. शास्त्रात ते स्वतःला बृहस्पतीच समजायचे! चारचौघांत हसून म्हणाले, "हिला बाधा आहे. अमावास्येच्या आत माहेरी धाडा, नाहीतर घराचं वाटोळं होईल." सासूने लगेच सुनेचं गाठोडं बांधायला घेतलं.

भागा रडतच देवळात गेली. "म्हाराज, माज्यात भूत हाय का वो?"

महाराजांना कुतूहल वाटलं. "जाग आल्यावर काय करतेस?"

"गोधडी डोक्यावरनं घेते न् कूस बदलते."

"अगं, त्या घटकेला ब्राह्ममुहूर्त म्हणतात. देवाची वेळ ती! दारात कुणी हाक मारली तर कूस बदलतेस का? उठून बस, नाम घे आणि कशाला उठवलंस, ते त्यालाच विचार."

दुसऱ्या पहाटे भागा उठून बसली. "का रं देवा उठवलंस?" असं तिने विचारलं, तोच कानाशी स्पष्ट शब्द आले, "जोशांच्या घरी जा."

जोशांची लेक आठ दिवसांची बाळंतीण होती. वारं लागू नये म्हणून जोशांनी खोलीच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवल्या होत्या आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती. भागाने दार ठोठावताच ते कडाडले, "झपाटलेली बाई बाळंतिणीच्या दारात? चालती हो!"

भागाने त्यांना बाजूला सारून खोली उघडली. आत कोळशाचा वायू कोंडला होता. लेक हाक मारूनही उठेना, बाळ तर निळं पडलेलं! भागाने बाळाला उचलून अंगणातल्या गार हवेत आणलं. घाबऱ्या जोशांनी लेकीला ओढत बाहेर काढलं.

"म्हाराज, धावा!" भागा ओरडली मात्र, बाळाने टाहो फोडला. पाठोपाठ लेकीनेही डोळे उघडले. केवढी ही गुरुकृपा!

उजाडताच जोशी देवळात धावले, मागोमाग सगळं गावही जमलं. भागाही बाळाची खुशाली सांगायला आली होती. जोशी महाराजांच्या पायांवर लोळण घेऊ लागले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

"अहो, माझ्या पायांवर कशाला? मी तर तेव्हा गाढ झोपलो होतो. जागी ही होती."

जोशी घुटमळले. मग सगळ्या गावासमोर त्यांनी कुंभाराच्या सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडत म्हणाले, "भागाबाई, हे गाव सोडून तुम्ही कुठेही जायचं नाही."