सुबानाच्या कमरेएवढं पाणी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. खोटी निघाली तर माझी जीभ झडो. माझ्या पणजोबांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तेव्हा त्यांचा जन्म झाला नव्हता, आणि झाल्यावरही त्यांना जरा कमीच दिसायचं. पण पाहिली ती त्यांनीच.

वाकी नदीच्या काठी कुरणवाडी नावाचं गाव आहे. फार वर्षांपूर्वी, गावात घड्याळ एकही नव्हतं आणि वेळ सगळ्यांकडं होता तेव्हा, तिथं सुबाना चुनेवाला राहायचा. पूर ओसरला की चिखलानं माखलेल्या भिंतींना चुना मारायचं काम त्याचं. त्यामुळं कुठल्या घरात पाणी कुठवर चढतं, हे त्याच्या कुंच्याला पाठ होतं. माणूस मात्र इतका बुटका, की मक्याच्या पिकात शिरला तर बायकोला हाका मारून शोधावा लागायचा.

दर पुरात सुबाना चुन्याचं डबडं डोक्यावर घेऊन पाण्यात उतरायचा. पाणी घोट्याला लागलं तिथं एक रेघ, गुडघ्याला लागलं तिथं दुसरी, कमरेला तिसरी, गळ्याला चौथी. पाण्यावर चुन्याची रेघ कशी उमटायची, हे विचारू नका. उमटायची, असं म्हणतात. नदीसुद्धा त्या रेघा ओळखायची आणि पुढच्या वर्षी त्यांच्यापाशी येऊन पदर सावरून उभी राहायची, असंही म्हणतात.

गावानं मग ठरवून टाकलं. घोट्याच्या रेघेवर घरं, गुडघ्याच्या रेघेवर गोठे, कमरेच्या रेघेवर भाजीपाला, आणि गळ्याच्या रेघेपलीकडं नदीचं राज्य.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग सुबानाच्या लेकीचं, हौसाचं लग्न केरबा थोराताच्या मुलाशी ठरलं. केरबा ताडमाड उंच. दारातून जाताना वाकायचा नाही, दारंच उंच करून घ्यायचा. मुलगा-सुनेसाठी त्यानं नवं घर काढलं ते थेट कमरेच्या रेघेवर, कारण जागा सपाट आणि पाणी दाराशी. सुबानाची ही एकुलती एक लेक, आणि तिचा संसार आपल्याच हातच्या रेघेवर.

सुबाना केरबाकडं गेला आणि घर वर घ्या म्हणून हात जोडले. केरबा हसला.

“सुबानाराव, तुमची कंबर म्हंजे आमचा गुडघा. आमच्या खानदानात समदी उंच हाईत.”

सुबाना मग म्हणाला, “पाव्हणं, तुमी उभं ऱ्हाल. पर माझी लेक चुलीम्होरं बसणार. बसल्या माणसाचा गळा कुठं येतोय, त्यो मोजा की.”

केरबाला हे लागलं. पंचांसमोर त्यानं पण केला, की यंदा पूर येईल त्या दिवशी नव्या घरात चुलीपुढं पाटावर बसेन, आणि पाणी ओसरेपर्यंत उठणार नाही. उठलो तर घर मोडीन. बसून राहिलो तर लग्न याच घरात. सुबानाला हो म्हणावं लागलं. सोयरिकीत शब्द फिरवता येत नाही.

भादव्यात पूर आला. सारं गाव घोट्याच्या रेघेवर भाजलेल्या शेंगा घेऊन जमलं. तिथून केरबाचं उघडं दार समोर दिसत होतं, आणि दारातून केरबा. पाणी उंबऱ्यात आलं, तो मिशीला पीळ देत होता. चूल विझली, त्यानं पान लावलं. पाणी छातीला लागलं, तो म्हणाला गारवा बरा आहे. पाणी गळ्याला आलं तेव्हा मात्र त्यानं हनुवटी वर केली. लोकांच्या शेंगा हातातच राहिल्या. सुबाना रेघेवर नुसता येरझाऱ्या घालत होता. व्याही मेला तरी लेकीचं नशीब फुटणार, आणि जगला तरी घर तिथंच राहणार.

आणि तेवढ्यात पाण्यानं पाट उचलला. केरबा मांडी न मोडता पाटासकट वर आला, दारातून बाहेर पडला आणि नवरदेवासारखा ताठ बसून तरंगत गावाकडं निघाला. तीन गिरक्या घेऊन नदीनं त्याला अलगद घोट्याच्या रेघेवर आणून ठेवलं. गाव तोंड दाबून उभं.

केरबानं चहूकडं पाहिलं आणि म्हणाला, “मी उठलो न्हाई. जागा बघाय आलोय. ही बरी हाय.”

घर तिथं झालं, लग्नही तिथंच झालं.

आजही कुरणवाडीत मृगाआधी चारही रेघा चुन्यानं नव्या होतात. मान गावातल्या सर्वांत बुटक्या माणसाचा. त्या दिवशी तो उभा आणि बाकीचं गाव, सरपंचासकट, खाली बसलेलं. नवं घर काढणारा पाया खणण्याआधी त्या जागी पाटावर बसतो, आणि बुटका सांगतो, ऊठ किंवा बस. मध्ये सरकारी माणसं तीन पायांचं यंत्र घेऊन आली आणि नकाशावर पूररेषा आखून गेली. सुबानाच्या रेघेत आणि तिच्यात दोन बोटांचा फरक निघाला. गाव म्हणतं, यंत्र सुधारायला हवं.

आता जीभ झडू नये म्हणून सांगून टाकतो. पाट तरंगला, हे मी घातलेलं. केरबाएवढा माणूस पाटावर कुठला तरंगतोय! खरं असं, की अंधार पडून गावाला दार दिसेनासं झालं, तेव्हा सुबाना कमरेएवढ्या पाण्यातून चालत त्या घरात गेला, आणि हात पुढं करून म्हणाला, “उठा आता, व्याही. मी कुणाला सांगत न्हाई.” केरबा उठला. सुबानानं कुणाला सांगितलं नाही, म्हणून मला पाट घालावा लागला.