गोदूची हाक आणि रुसलेली सूर्यफुलं

सूर्यफुलाच्या कडेचा एक दाणा गोदूनं चिमटीत दाबला, तर तो फुस्सकन चपटा झाला. आत काहीच नाही! दुसरा दाबला. तोही पोचट.

घरातली तेलाची बरणी कधीच रिकामी झाली होती. दिवाळीच्या पणत्या, करंज्या, सगळा भरवसा या एवढ्याशा पिवळ्याधम्मक शेतावर.

"फुलं तर ताटाएवढी, मग दाणेच का गं रुसले?" आईनं कपाळाला हात लावला.

इतक्यात पाण्याच्या बादलीत एक चुकार मधमाशी गटांगळ्या खाताना दिसली. गोदू म्हणजे पान सळसळलं तरी दचकणारी पोर! पण तिला राहवेना. डोळे घट्ट मिटून तिनं काडी पुढे केली. माशी वर चढली, इवलेसे पंख झटकून भुर्रकन उडाली.

तोच एका फुलातून सोनेरी धूळ उधळत बोटभर परी उठून बसली.

"अगं बाई!" गोदू मागे सरली.

"मलाही भितेस? मला तर नांगीसुद्धा नाही!" परी खुदकन हसली. "भित्र्या हातांनी जीव वाचवलास. माग काहीतरी."

"परीताई, दाणे भरू देत."

"कडेचे गेले, ते परत मागायचे नाहीत. प्रत्येक सूर्यफुलाच्या मधली बारीक फुलं अजून उमलतायत, ती भरतील. पण पराग या फुलाचा त्या फुलाला नेणाऱ्या मधमाश्या बाभळीवरच्या पोळ्यातून कुणी हाकलल्या?"

गोदूची मान खाली गेली. "मीच. भीती वाटली म्हणून धूर केला."

"मग त्यांना तूच बोलवायचं. त्या येईपर्यंत त्यांचं काम तूच करायचं."

रोज सकाळी हाताला मऊ फडकं गुंडाळून गोदू फुलामागून फूल गोंजारू लागली.

"फुलांची तोंडं पुसतेस होय गं? आपलं धुतलंस का?" आई हसायची.

बांधावर तिनं पाण्याची वाटी ठेवली. कुणी बुडू नये म्हणून आत खडे घातले. मग बाभळीखाली जाऊन हाक मारायची, "या गं बायांनो! आता धूर नाही करणार!"

बाभळ गप्पच.

एके दिवशी आईनं मधला दाणा दाबला. बोटावर पांढरंशुभ्र दूध! "गोदे, भरतोय गं हा!"

पण अख्ख्या शेताला दोन चिमुकले हात कसे पुरे पडावेत? गोदूनं जीव एकवटला. "या गं, या ना!"

तोच परी पुन्हा फुलातून वर आली. तिच्या पंखांतून केशरी ऊन सांडू लागलं. "आता ऐक हं," ती कुजबुजली, आणि लखलखत उजेडात विरून गेली.

बाभळीकडून आवाज आला. गुंऽऽऽ!

गोदू दचकली. पण या वेळी मागे सरली नाही.