चिचटोल्याचा द्वारपाल

झाडीच्या मुलखात सडक जिथे संपते, तिथून दीड कोस चालले की चिचटोला लागतो. या चिचटोल्यात उरकुडा नावाचा एक भोळा गडी राहत होता. ईश्वराने त्याला बळकट दंड दिले होते, निर्मळ मन दिले होते आणि दोन कान दिले होते. कानांत पडलेले शब्द चाळून घेण्याची चाळणी मात्र दिली नव्हती. ईश्वर विसरत नसतो. तेव्हा तीही त्याने जाणूनच दिली नसावी.

त्या वर्षी उशिरा पिकणाऱ्या भारी धानाचा दाणा भरण्याची वेळ आली आणि पाऊस पाठ फिरवून गेला. एक पाणी हवे होते. पाणी तलावात होते. तलावाच्या दाराला सागाचा खुंटा ठोकलेला होता, आणि डोमाजी पाटलाने तोंडाने सांगितल्यावाचून तो काढायचा नाही, अशी गावाची पिढीजात रीत होती. पाटलाने तलावात मासळी सोडली होती. पाटील सांगेना.

तलावाच्या पाटावरची सर्वांत शेवटची बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, उरकुड्याच्या आईची, भागरताबाईची. ती रोज बांधावर बसून लोंबी चुरून पाही.

"आठ दिवसांत पानी नाई आलं, तर वर्षभर खाऊ काय रे बाप्पा?" ती म्हणे.

पाटलासमोर जाऊन हे सांगण्याचे धैर्य गावात कोणाला नव्हते. जिथे धैर्य नसते तिथे विनोद सुचतो. वारलू मास्तरांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, उत्सवासाठी एक संगीत नाटक लिहिले. तलाव अडवून बसलेला लोभी राजा, त्याची स्तुती गाणारे बेडूक, अखेरीस राजाला झालेला पश्चात्ताप, आणि सोळा पदे. लोक हसतील, पाटलाला आपले रूप दिसेल, तो लाजेल आणि खुंटा काढवील, असा मास्तरांचा अंदाज होता.

रीतीप्रमाणे नाटक आधी पाटलाला वाचून दाखवले. पाटील पोट धरधरून हसला.

"काय राजा आहे, मास्तर! हुबेहूब शेजारच्या गावचा पाटील! हे सोंग मीच करतो. दुसऱ्या कोनाले जमाचं नाई."

मास्तरांचा अंदाज तिथेच चुकला. पण नाही म्हणणार कोण?

उरकुडा द्वारपाल झाला. त्याला वाक्य एकच होते: "महाराज, पाणी सुटले." ते त्याने दोन दिवसांत पाठ केले.

पहिल्या तालमीत राजाला भोवळ आली आणि पाटील ठरल्याप्रमाणे आडवा झाला. उरकुडा धावला. त्याने कोपऱ्यातली घागर उचलली आणि पाटलाच्या तोंडावर रिकामी केली.

मास्तरांनी त्याला बाजूला घेतले. "अरे, पडलेला माणूस खोटा पडलेला असतो. त्याला हात लावू नये. जागचं हलू नये. लोक हसतात, आपणही हसावं."

"होय जी," उरकुडा म्हणाला, आणि तो बोध त्याने गाठीला बांधला.

दुसऱ्या सकाळी भागरताबाई गवताचा भारा घेऊन येत होती. बांधावर पाय घसरला आणि ती चिखलात पडली. उरकुडा समोरच उभा होता. तो जागचा हलला नाही. तो हसला.

"मेल्या, मी पडली अन् हासतेस काहून?"

"खोटी पडली ना, माय?"

"खोटी? कंबर मोडली माही! मानूस पडला की बगलेत हात घालून उचलावं. अंगाची माती झाडावी. एवढं तरी शिक!"

"होय, माय," तो म्हणाला, आणि तो बोधही त्याने गाठीला बांधला.

संध्याकाळी नाटकाचा नारळ फोडायला मंडळी मारुतीच्या देवळात जमली. पाटलाने देवापुढे साष्टांग दंडवत घातला. कपाळ फरशीला टेकते न टेकते तोच उरकुड्याने त्याला मागून बगलेत हात घालून उचलले, उभे केले आणि त्याचे धोतर पुढूनमागून झाडले.

मारुती शांत राहिला. पाटील राहिला नाही.

"मास्तर, हा गडी मले नाटकात नोको!"

मास्तरांनी हात जोडले. द्वारपालाचा पोशाख उरकुड्याच्याच मापाचा शिवला होता, म्हणून तो वाचला. मग ते उरकुड्याकडे वळले. "आपल्या मनानं काही करू नको. पाटील बोलतील तेच खरं. बोलले की करायचं. तिथल्या तिथं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही."

"होय जी."

मंडईच्या आदल्या दिवशी राजाचा जरीचा अंगरखा शिंप्याकडून आला. पाटलाने तो चढवला. पोट आत गेले, गुंड्या बाहेर उडाल्या.

"जाळा हा अंगरखा!" पाटील ओरडला आणि काढून फेकला.

पाटील हातपाय धुऊन परत आला तेव्हा अंगणात थोडी राख होती आणि उरकुडा ती पायाने सारखी करत होता.

आता राजाला पोशाख उरला नाही. शेवटी ठरले की पाटलाने आपला नेहमीचाच कोट घालावा, आपलाच फेटा बांधावा आणि आपलीच काठी हातात घ्यावी. म्हणजे राजा पाटलासारखा दिसावा म्हणून ज्या मास्तरांनी रात्ररात्र डोके खाजवले, त्यांचे काम एका काडीने झाले. तरीही मास्तरांनी उरकुड्याचा कान धरला.

"रागात बोललेलं धरायचं नसतं रे! ही वही बघ. या वहीत लिहिलंय तेवढंच खरं. तेवढंच करायचं, अक्षरासारखं अक्षर. वहीबाहेरचं काही कोणी बोललं, तर कानावर घ्यायचं नाही. मग पाटील असो की तुझी माय."

"होय जी."

घरी भागरताबाई ओरडली, "अरे, म्हैस वैरणीत शिरली, हाकल तिले!"

"वहीत नाई, माय."

म्हशीने रात्रीपुरती ठेवलेली वैरण निश्चिंतपणे संपवली.

मंडईचा दिवस उजाडावा तसा उजाडला. तलावाच्या मातीच्या बांधाखाली, पाळीखालच्या पडीक जमिनीत मांडव घातला होता. पाच गावांची माणसे बसली होती. पाटील आपल्या कोटात, आपल्या फेट्यात मंचावर आला मात्र, लोक हसू लागले ते थांबेनात. बेडकांनी स्तुती गायिली तेव्हा म्हातारी माणसे डोळे पुसत होती. पाटील फुलून गेला. आपल्या अंगी एवढा विनोद आहे हे त्याला आजवर ठाऊक नव्हते. लाज त्याला कुठूनही शिवली नाही. मास्तर पडद्याआड खाली मान घालून बसले. मागच्या ओळीत भागरताबाई तेवढी हसत नव्हती.

अखेरचा प्रवेश आला. राजाला पश्चात्ताप झाला. पाटलाने काठी उगारली आणि भोंग्यासमोर खड्या आवाजात म्हटले:

"द्वारपाल! जा, तलावाचा खुंटा काढ. आणि असा काढ, की तो पुन्हा कोणाला ठोकता येऊ नये!"

हे वहीत होते. उरकुडा निघाला. द्वारपालाने पडद्याआड जायचे, शंभर आकडे मोजायचे, परत यायचे, असे मास्तरांनी योजले होते. पण योजलेले वहीत लिहायचे राहिले होते. उरकुडा पडद्यातून, मांडवातून बाहेर पडला आणि पाळीवर चढला.

खुंट्यापाशी पाटलाचा राखणदार बसला होता. भोंग्यातला आवाज त्यानेही ऐकला होता. पाच गावांनी ऐकला होता.

"खरंच काढाचा का गा?"

"वहीत आहे," उरकुडा म्हणाला.

राखणदाराने कुऱ्हाड दिली, हातही दिला.

मंचावर गाणारे तेच पद पुन्हा गात राहिले. नवव्यांदा गाऊन झाले तेव्हा पाण्याचा आवाज आला. आधी पाट भरला, मग पडीक जमीन. बसलेली माणसे उठली. चपला तरंगू लागल्या. मंचाच्या फळ्यांना पाणी लागले आणि पाच गावांनी टाळ्यांचा कडकडाट केला. असला पाण्याचा देखावा कुठल्याच नाटक कंपनीने दाखवला नव्हता. पाटलाने तीनदा लवून नमस्कार केला. भागरताबाई नमस्कार पाहायला थांबली नाही. ती लुगडे खोचून पाटाच्या कडेने, पाण्याच्याही पुढे, शेवटच्या बांधीकडे धावत होती.

उरकुडा कमरेपर्यंत भिजून मंचावर आला. खांद्यावर खुंट्याचे दोन उभे तुकडे होते. ते त्याने राजाच्या पायांशी ठेवले आणि पाठ केलेले वाक्य एकही अक्षर न चुकता म्हटले:

"महाराज, पाणी सुटले."

पाटलाने तुकड्यांकडे पाहिले. मग पायांकडे पाहिले. पायांवरून एक मासा चालला होता.

"अबे उरकुड्या, बंद कर! बंद कर पानी!"

उरकुडा द्वारपालासारखा ताठ उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"वहीत नाई, जी."